डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि पांढरी पडणारी बोटे

थंडीच्या सकाळी हाताची एक-दोन बोटे अचानक खडूसारखी पांढरी आणि बधिर होतात. ऊब मिळाली की लाल होतात, झिणझिण्या येतात, ठणकतात. कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा ब्रेकर, ड्रिल किंवा ग्राइंडर रोज हाताळणाऱ्या माणसाला असे होत असेल, तर दोष एकट्या थंडीचा नसतो. यंत्राच्या सततच्या कंपनांनी बोटांमधल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुखावलेल्या असतात. अमेरिकेत या त्रासाचा पहिला सविस्तर अभ्यास डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी केला.

त्यांचा जन्म १८६९ चा, बालपण इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी. १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या आणि १८९७ पासून शिकागोच्या हल हाउसमध्ये राहू लागल्या. हे गरीब, स्थलांतरित कामगारांच्या वस्तीतले सेवाकेंद्र होते. शेजारपाजारच्या माणसांची दुखणी त्यांच्या कामातून येतात, हे तिथे त्यांच्या लक्षात आले. १९१० पासून त्यांनी इलिनॉयमध्ये शिशाच्या विषबाधेचा शोध घेतला. कारखान्यात मुकादमासमोर कामगार गप्प राहत, म्हणून त्या त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करत.

१९१८ च्या जानेवारीत त्या इंडियानातल्याच बेडफर्ड इथे गेल्या. तिथल्या चुनखडीच्या दगडाला मोठी मागणी असे; पुढे न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीलाही इंडियानाचाच दगड लागला. पाथरवट एका हातात हवेचा हातोडा आणि दुसऱ्या हातात छिन्नी धरून दगड घडवत. छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताची बोटे जास्त पांढरी पडलेली त्यांना दिसली. कडाक्याच्या थंडीत जाण्याचा फायदा असा, की हा त्रास समोर घडताना पाहता आला. उबदार खोलीत हेच हात अगदी निरोगी दिसले असते. त्यांनी तीन कारणे मांडली: हत्याराची कंपने, ते घट्ट आवळून धरणे आणि गारठा.

आजही डॉक्टरांची अडचण तीच आहे. तपासणीच्या वेळी बोटे नेमकी ठीक असतात. म्हणून त्रास होत असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणते यंत्र, दिवसाला किती तास आणि किती वर्षे वापरता, तेही सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. सुरुवातीलाच कंपनांचा संपर्क थांबवला तर पांढरे पडणे कमी होऊ शकते. उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहतो आणि शर्टाचे बटण लावणेही जड जाते. हत्यार नियंत्रणात राहील इतपतच धरावे, मध्ये मध्ये थांबावे, हात कोरडे आणि उबदार ठेवावेत. यंत्रातून बाहेर पडणारी गार हवा बोटांवर येऊ देऊ नये. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात, तेव्हा ते सोडावेच. आणि जाता जाता: टोक बदलण्याआधी हवा बंद करून नळीतला दाब सोडा, आणि त्या हवेने अंगावरची धूळ कधीही झटकू नका. दाबाखालची हवा डोळ्याला, कानाला इजा करते, जखमेतून कातडीखालीही शिरते.

१९१९ मध्ये हॅमिल्टन हार्वर्ड विद्यापीठातल्या पहिल्या महिला अध्यापक झाल्या. पदवीदानाच्या मिरवणुकीत मात्र त्यांना जागा नव्हती, अध्यापकांच्या क्लबमध्येही नाही. १९३५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. २२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले; कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा अमेरिकी कायदा त्यानंतर तीन महिन्यांनी, डिसेंबरमध्ये मंजूर झाला. त्यांच्या पाहणीनंतर सुमारे साठ वर्षांनी संशोधक पुन्हा बेडफर्डला गेले, तेव्हाही हवेचा हातोडा चालवणाऱ्या पाथरवटांची बोटे पांढरी पडतच होती.