जमीन मोजणाऱ्या दोराची लबाडी लिहून ठेवणारे अबुल फजल

अबुल फजल म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली एकच ओळ आठवते : अकबर बादशहाच्या दरबारातलं एक रत्न, ‘अकबरनामा’ आणि ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथांचे लेखक. त्यांच्या धार्मिक मतांवर आपल्या समाजात तेव्हाही वाद होता, आजही आहे. पण गज, कोस, बिघा ही मापं कुठून आली आणि ती ठरवून देणं का गरजेचं होतं, हे त्या काळी कोणी बारकाईने लिहून ठेवलं असेल तर याच माणसाने. त्यांच्या आयुष्याची ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

लपतछपत गेलेले दिवस

अबुल फजल यांचा जन्म 14 जानेवारी 1551 रोजी आग्र्यात झाला. वडील शेख मुबारक मूळचे नागोरचे, मोठे आलिम. थोरले भाऊ फैजी पुढे फारसीचे नामवंत शायर झाले. वडिलांच्या मतांवरून दरबारातल्या वजनदार मंडळींनी त्यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या. अटक होईल या भीतीने बाप-लेकांना घर सोडावं लागलं. आज या घरी तर उद्या त्या घरी, असे दिवस त्यांनी काढले. ज्याच्या हातात सत्ता, त्याचाच शब्द खरा, असं असलं की काय होतं हे अबुल फजल यांनी तरुणपणीच भोगलं.

1574 मध्ये ते बादशहासमोर हजर झाले. नजराणा म्हणून त्यांनी आयतुल कुर्सीवर लिहिलेली तफसीर पेश केली. तिथून त्यांची चढती कमान सुरू झाली.

गुन्हेगार दोर

त्याच सुमारास जमीन महसुलाची नवी घडी बसत होती. राजा तोडरमल यांचं नाव यात पुढे असतं आणि ते योग्यच आहे. त्या कामामागचं कारण मात्र आपल्याला ‘आईन’मध्ये वाचायला मिळतं.

जमीन मोजायच्या साधनाला जरीब म्हणत. तेव्हा ती तागाच्या दोराची असे. पीळ दिलेला दोर ओला झाला की आखडतो, वाळला की लांबतो. अबुल फजल सांगतात की दोर रात्री दवात ठेवायचे, मुद्दाम भिजवायचे आणि सकाळी ओल्या दोरानेच मोजणी करायचे. दोर आखूड, म्हणजे तेवढ्याच शेतात तो जास्त वेळा बसणार. शेत कागदावर मोठं आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर महसूल जास्त. दिवसभरात दोर वाळून लांबला की उलट व्हायचं, सरकारचं नुकसान.

वर्गात आम्ही हे गणित करून दाखवतो. एक बिघा म्हणजे 60 गज लांब आणि 60 गज रुंद, एकूण 3600 चौरस गज. दोर फक्त तीन गज आखडला असं समजा. मग खरी जमीन 57 गुणिले 57, म्हणजे 3249 चौरस गज. शेतकरी सारा भरणार 3600 चा. जवळपास दहावा हिस्सा जमीन नसताना तिचा पैसा! मुलं एकदम गप्प होतात, कारण यातली बरीच शेतकऱ्यांची पोरं आहेत.

यावर उपाय साधाच होता. 1574-75 च्या सुमारास दोर काढून टाकला आणि बांबूच्या काठ्या लोखंडी कड्यांनी जोडून नवी जरीब केली. दव पडो की ऊन, बांबू आखडत नाही.

जव, नाणं आणि गाईचं हंबरणं

जरीब सुधारली, पण गज कोणता? इथेही गोंधळच होता. सहा जव आडवे लावले की एक अंगुळ, अंगुळांचा गज, असा तो हिशेब. पण शेतासाठी गज वेगळा, घरबांधणीसाठी वेगळा, कापडासाठी वेगळा. सिकंदर लोदीने तर साडेएक्केचाळीस नाणी शेजारी शेजारी मांडून गज ठरवला. हुमायूनने त्यात अर्ध्या नाण्याची भर घालून ती 42 केली. 1586 मध्ये अकबराने 41 अंगुळांचा इलाही गज सगळीकडे लागू केला आणि 5000 गजांचा एक कोस ठरवला.

कोसाबद्दल अबुल फजल यांनी गमतीची माहिती दिली आहे. गुजरातेत गाईचं हंबरणं जिथवर ऐकू येईल तो कोस. बंगालात धावणारा एका दमात जेवढं अंतर कापेल तो कोस. बालिश्त म्हणा की वीत, हात म्हणा की कोस, ही सगळी मापं माणसाच्या अंगातून आणि रोजच्या जगण्यातून आली. ती वाईट नव्हती. पण दोन माणसांचा हात सारखा नसतो आणि मोजणारा बलवान असला की त्याचाच हात चालतो.

आपलं वऱ्हाड

‘आईन’मध्ये वऱ्हाडचा सुभाही आहे. वरदा नदीचा तट म्हणून वरदातट, असं या मुलखाचं जुनं नाव अबुल फजल देतात. सुभ्याचे 16 सरकार ते मोजतात. पातूरच्या लोकांना ओळखीच्या बाळापूरबद्दल ते लिहितात की तिथल्या दोन नद्यांच्या काठी सुंदर रंगीत दगड सापडतात आणि तिथून सहा कोसांवर शहजादा मुराद यांच्या तळाचं शाहपूर शहर झालं. वऱ्हाडात मात्र जुन्या काळापासून पिकाचा अंदाज बांधून महसूल घेत, हेही त्यांनी नोंदवलं.

1599 मध्ये मुरादला परत आणण्यासाठी बादशहाने त्यांना दख्खनला पाठवलं. ते पूर्णाकाठच्या तळावर पोहोचले आणि मुरादचं निधन झालं. विस्कटलेलं सैन्य या कलमवाल्या माणसाने सावरलं. पुढे असीरगडाच्या मोहिमेतही ते होते.

1602 मध्ये बादशहाने त्यांना परत बोलावलं. शहजादा सलीम बंड करून बसला होता आणि अबुल फजल बापाचे कान भरतात असा त्याला संशय होता. सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंह बुंदेल्याने 12 ऑगस्टला वाटेत गाठून त्यांना ठार केलं. वय 51. ग्वाल्हेरजवळ आंतरी इथे त्यांची कबर आहे. तख्तावर बसल्यावर जहांगीरने आपल्या आठवणींत हा खून करवल्याचं स्वतःच लिहिलं.

पुढे इंग्रजांनी इलाही गज 33 इंचांचा धरला. मग एकर-गुंठा आले, 1956 च्या कायद्याने मीटर आलं. मापं बदलली, पण अंदाजाचा धंदा काही थांबला नाही. बांधावरून भावाभावांत भांडणं होतात. विरासतीच्या वाटणीत बहिणीचा हिस्सा ‘साधारण एवढा’ म्हणून तोंडी सांगितला जातो आणि कागदावर येतच नाही. माप कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये किती कडक इशारा आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. तराजूला जो न्याय लागू, तोच शेताच्या दोरालाही लागू. तेव्हा वाटणीला बसाल तेव्हा रीतसर मोजणी करून घ्या, आकडा लिहा आणि बहिणींसमोर वाचून दाखवा.