कर्करोगाची रसद तोडणारा शल्यचिकित्सक

कर्करोगाच्या पेशी शरीराच्या नियंत्रणात नसतात, त्या आपल्याच बळावर वाढतात, असा एकेकाळी बहुतेक डॉक्टरांचा समज होता. त्याला धक्का दिला डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झाला. हार्वर्डमधून १९२४ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन १९२७ मध्ये ते शिकागो विद्यापीठात रुजू झाले आणि मूत्रविकारांकडे वळले. पुरुषांच्या मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी कशाच्या जोरावर काम करते, हे शोधण्यासाठी त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. माणसाप्रमाणे वयस्क कुत्र्यांचीही ही ग्रंथी वाढते. वृषण काढल्यावर ती आक्रसली. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक टोचताच तिचा स्राव पुन्हा सुरू झाला.

हाच नियम कर्करोगालाही लागू असेल का? शरीरभर आजार पसरलेल्या रुग्णांचे हगिन्स यांनी वृषण काढले, काहींना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिले. रक्तातील अॅसिड फॉस्फटेज या विकराची पातळी घसरली. अनेकांच्या हाडांच्या असह्य वेदना कमी झाल्या. लैंगिक क्षमता गमावण्याची किंमत मोठी होती. पण या रुग्णांपुढे दुसरा इलाज नव्हता. १९४१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १९६६ मध्ये हगिन्स यांना पेटन राउस यांच्यासह नोबेल मिळाले.

मात्र बऱ्याच रुग्णांमध्ये आजार उलटला. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथीही थोडे पुरुषी संप्रेरक बनवतात, म्हणून हगिन्स यांनी त्याही काढून पाहिल्या. फारसे यश आले नाही.

रसद तोडूनही गाठ का वाढते? याच्या उत्तराचा एक धागा आज आरएनएमध्ये सापडतो. काही लांब आरएनए रेणूंपासून प्रथिने बनत नाहीत, तरी ते पेशीचा कारभार बदलतात. त्यांपैकी ‘हॉटेअर’ हा रेणू संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या ग्राहीला चिकटून तिला नष्ट होण्यापासून वाचवतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यामुळे संप्रेरक नसतानाही वाढीचा आदेश सुरू राहू शकतो. अशाच ‘पीसीए-३’ या रेणूवरून लघवीची तपासणीही तयार झाली.

हे सारे पाहायला हगिन्स नव्हते. १२ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. पण पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात टेस्टोस्टेरॉन रोखणे हा उपचारांचा पाया आजही कायम आहे. आता त्यासाठी बहुतेकदा शस्त्रक्रियेऐवजी इंजेक्शन पुरते.