रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

नरपड (ता. डहाणू) : नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. मुंबईच्या मांडवी गिरणीत ते स्टोअरकीपर होते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पगार, अशा मागण्या केल्या. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना ९ फेब्रुवारी १८९७ ला ते वारले.

कापसाच्या धुळीने होणारा दमा त्या मागण्यांत नव्हता. आता कायद्याने त्यालाही भरपाई आहे. सुट्टीनंतर सोमवारी कामावर छाती आवळते, ही त्याची पहिली खूण. तारापूर, सिल्वासाला सूतगिरणीत जाणाऱ्यांनी असं झालं तर अंगावर काढू नये, डॉक्टरला कामाचं सांगावं.