सलीम अली आणि उत्तरेचे पाहुणे

कारापूरजवळून वाहणारी वाळवंटी मांडवीला मिळते. त्याच मांडवीतील चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य डॉ. सलीम अलींच्या नावाचे आहे. १८९६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या, बालपणीच पोरक्या झालेल्या सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली; तिच्या पिवळ्या गळ्याच्या कुतूहलाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात नेले. पुढे, १९५९ पासून, त्यांच्या पुढाकाराने हजारो स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या वाटा शोधल्या गेल्या. त्या वाटांचे उत्तरेकडील टोक आता तापते आहे. आपल्या पाणथळीत हिवाळा काढणारा चिमुकला टिलवा आर्क्टिकच्या टुंड्रात पिले वाढवतो. तेथे बर्फ लवकर वितळू लागले. किडे अगोदर निपजतात, पिले मागाहून अंड्यांबाहेर येतात. हा पेच सलीम अलींना पाहावा लागला नाही. १९८७ मध्ये ते निवर्तले. चोडणचे अभयारण्य त्यानंतरच्या वर्षी झाले.