अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई

आमची वसाहत म्हणजे सोलापूरजवळच्या कुंभारीचे गोदूताई परुळेकर विडी घरकुल. २००६ साली येथे दहा हजार घरे उभी राहिली आणि एका खोलीच्या भाड्याच्या घरातून आई मला कडेवर घेऊन इकडे आली. गोदूताई कोण, हे मला कितीतरी वर्षे ठाऊक नव्हते. घराच्या पत्त्यात नाव लिहायचे म्हणून लिहायचे! कॉलेजात आल्यावर कळले, की १९४५ साली ठाणे जिल्ह्यात वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभे करणारी ती बाई. तिच्याविषयी वाचता वाचता त्याच वर्षी, त्याच मुलखात, समुद्राकाठच्या बोर्डी गावी येऊन राहिलेली दुसरी एक बाई भेटली. तिचे नाव ताराबाई मोडक. एकीने मोठ्यांना जागे केले. दुसरी त्यांच्या अडीच-तीन वर्षांच्या पोरांजवळ जाऊन बसली. मला दुसरीविषयी लिहायचे आहे. कारण आमच्या घरात यंदा जे भांडण झाले, ते तिच्याच विषयावरून झाले.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे घरचे वातावरण सुधारकी. मुलीने शिकावे की नाही, हा प्रश्न त्या घरात नव्हता. त्या काळी मुली पदवीपर्यंत फारशा पोहोचत नसत, ताराबाई बी. ए. झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पदरी लहान मुलगी घेऊन त्या वेगळ्या झाल्या. चरित्रांतून हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो. मला मात्र तो वाचताना आमच्या वसाहतीतल्या अशा दोघी-तिघी आठवल्या. आजही त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागते ते मी पाहते. शंभर वर्षांपूर्वी ताराबाईंना किती ऐकावे लागले असेल!

राजकोटला मुलींच्या अध्यापन विद्यालयात त्यांना मुख्याध्यापिकेची जागा मिळाली होती. पगार चांगला, मान मोठा. ते सगळे सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. माँटेसोरीबाईंची पुस्तके वाचून त्यांनी वकिली सोडली आणि ते पोरांत रमले. मार नाही, पाठांतर नाही, मूल आपल्या हातांनी शिकते, हा विचार ताराबाईंनी तेथे आपलासा केला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाई गुजराती शिकल्या, त्या भाषेत लिहू लागल्या आणि पुढे 'शिक्षणपत्रिका' त्यांनी मराठीतही आणली. १९३६ साली त्या मुंबईला परतल्या आणि दादरला शिशुविहार काढला. तेथे काम चांगले जमले, नाव झाले. एखाद्या बाईने आयुष्यभर तेवढेच केले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती.

पण शिशुविहारात येणारी मुले कोणाची? चांगल्या घरची, न्हाऊन-माखून, डबा घेऊन येणारी. माँटेसोरीची साधनेही महाग, गुळगुळीत लाकडाची. खेड्यातल्या पोराला ती कोण देणार? गांधीजींच्या नयी तालीमचे वारे त्या वेळी वाहत होते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला आल्या आणि १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. त्या लहानपणीच विधवा झालेल्या आणि पुण्यात शिक्षिका होत्या. दोघींची जोडी मग शेवटपर्यंत तुटली नाही.

बोर्डीला बालवाडी काढली, पण ज्यांच्यासाठी काढली ती मुले येईनात. गावाबाहेरच्या वस्तीतली आई पहाटेच मजुरीला जाते. मुलाला आंघोळ घालून गावात कोण पोहोचवणार? तेव्हा ताराबाईंनी शाळाच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन ठेवली. हीच अंगणवाडी. आधी पोरांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, मग खेळ. साधने अंगणातलीच: समुद्रावरचे शिंपले, चिंचोके, खडे, पाने, ओली माती. लहान पान-मोठे पान लावता लावता क्रम कळतो. शिंपले मोजता मोजता आकडा कळतो. मातीचा गोळा वळता वळता बोटे लेखणीसाठी तयार होतात. मूल वाळूत नुसते बसलेले दिसते, पण ते काम करत असते, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे दहाबारा वर्षांनी काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांची वस्ती, आणि अडचण आणखी वेगळी. मोठी पोरे गुरांमागे, मोठ्या मुली धाकट्या भावंडांमागे. ज्या मुलीच्या कडेवर मूल आहे ती शाळेत कशी येणार? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हटले. गुराखी पोरांसाठी शिक्षक कुरणात गेले. गुरे चरताहेत, झाडाखाली धडा चालला आहे, अशी ती कुरणशाळा.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. माझ्या कडेवरही मूल होते. आई सुपात तेंदूची पाने घेऊन विड्या वळायची, दुपारी त्या कारखान्यात द्यायला जायची, आणि धाकटा भाऊ माझ्याकडे. दुसरी-तिसरीतले माझे कितीतरी दिवस तसे बुडाले. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाईंनी त्याला ठेवून घेतले, म्हणून मी शाळेत टिकले. बाईंची खोली लहान, म्हणून त्या पोरांना कडुनिंबाखाली बसवत. सोलापूरच्या उन्हात मोकळ्यावरची शाळा हे बोलायला सोपे आहे! चैत्र-वैशाखात दहाच्या आत सगळे आटपावे लागे. पण त्या झाडाखाली तेलुगु बोलणारी पोरे आणि आम्ही एकाच चिंचोक्यांवर भांडत एकमेकांची भाषा शिकलो.

यंदाचे भांडण माझ्या ताईच्या मुलावरून. तो चार वर्षांचा. अंगणवाडीत नुसती मातीत खेळवतात, कपडे मळतात, म्हणून त्याला दुकानांवरच्या दोन खोल्यांतल्या एका इंग्रजी शाळेत घातले. मैदान नाही, अंगण नाही. रोज पानभर ए-बी-सी लिहून आणायचे. महिन्याभरात पोर पेन्सिल दिसली की रडू लागले. मी ताईला ताराबाई सांगितल्या. ती म्हणाली ते खोटे नव्हते: ताराबाई पदवीधर होत्या, आमच्या हातात मात्र विडीच आहे, आणि इंग्रजी आले तर त्याच्या हातात ती येणार नाही. मला उत्तर सुचले नाही. फी भरलेली होती. पोर शाळेत जातच राहिले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नावाबरोबर अंगण सगळीकडे गेलेच असे नाही. आमच्या बाईंचा अर्धा दिवस वजने, खाऊ आणि नोंदी यांतच जातो, आणि हातात पडते ते मानधन. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत, सांभाळले.

ताईचा मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून कडुनिंबाखाली पळतो. परवा त्याने चिंचोक्यांची रांग मांडली होती. मी मोजायला सांगितले नव्हते. सतरापर्यंत बरोबर मोजले, अठरावा सापडेना म्हणून माझ्या ओंजळीत शोधू लागला.