कै. जहांगीर टाटा व मैदानावरील शेजारधर्म

येरवडा म्हटलें म्हणजे पुण्यांतील वाचकांस कारागृह आठवतें. त्याच कारागृहाच्या छायेंत एके काळीं पावसाळ्यांत विमानें उतरत असत, हें मात्र थोड्यांस ठाऊक असेल. मुंबईचें जुहूचें मैदान समुद्रकांठचें. पाऊस लागला कीं तें पाण्याखालीं जाई. मग टाटांच्या हवाई टपालाचीं दोन विमानें, तीन वैमानिक व तीन मेकॅनिक, असा सगळा संसार घाट ओलांडून येरवड्याच्या लहानशा मैदानावर येई. हा संसार ज्यांनीं मांडिला, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

यांचा जन्म ता. २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें झाला. आई फ्रेंच होती. सुटींत हें कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्यावर आर्डेलो येथें राही, आणि जवळच इंग्लिश खाडी विमानानें प्रथम ओलांडणाऱ्या ब्लेरियोचें घर होतें. त्या वाळवंटावर विमानें उतरतांना पाहून मुलाच्या मनानें जो छंद घेतला तो कधीं सुटला नाहीं. ता. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं हिंदुस्थानांत दिलेला वैमानिकाचा पहिला परवाना त्यांस मिळाला.

पुढें आगाखान यांनीं इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्यानें उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी मनुष्यास बक्षीस लाविलें. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर नांवाचा सतरा वर्षांचा तरुण इंग्लंडहून इकडे येत होता. ईजिप्तांत अबूकीर येथें टाटा उतरले, तों हा प्रतिस्पर्धी तेथें अडकून पडलेला! त्याच्या इंजिनास स्पार्क प्लग हवे होते व जवळ शिल्लक नव्हते. टाटांनीं आपल्याजवळचे प्लग त्यास दिले. अस्पीनें उलट आपलें पाण्यांत तरंगविणारें जाकीट त्यांस दिलें, आणि दोघे आपापल्या दिशेस उडाले. कांहीं तासांच्या अंतरानें बक्षीस अस्पीस मिळालें. हाच तरुण १९६० सालीं भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला.

खेडोपाडीं सायकलीवर हिंडणाऱ्या आम्हांस पंपाची उसनवारी ठाऊक आहे. पण शर्यतींतल्या प्रतिस्पर्ध्यास पंप देणें निराळें. आडबाजूच्या मैदानावर ना दुकान, ना कारखाना. तेथें पुढें उतरणारा मनुष्य हाच कायतो शेजारी. शिवाय मैदानाभोंवतीं राहणारे आहेतच. उतरण्यापूर्वीं एक फेरी घालून गुरें दिसतात कीं काय तें पाहावें, घरांवरून उगाच खालून घिरट्या घालूं नयेत, पंख्याचा वारा माणसांकडे वा कडब्याच्या गंजीकडे सोडूं नये, हा चांगल्या वैमानिकांचा शिष्टाचार होय. मैदान उतरणाराच्या मालकीचें नव्हे. तो घटकाभराचा पाहुणा.

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटांनीं कराचीहून सुमारें पंचवीस किलो टपाल घेऊन पस मॉथ नांवाचें लहान विमान स्वतः हांकीत मुंबईस आणिलें. वाटेंत अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आले! नव्या वाहनास जुन्या वाहनाचा असा हात लागला, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. जुहूहून पुढें बळ्ळारीमार्गें मद्रासेस टपाल नेलें तें त्यांचे स्नेही नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं. हा सारा उद्योग काढण्याची मूळ कल्पनाही त्यांचीच. पहिल्या वर्षीं १,६०,००० मैल उड्डाण, १५५ उतारू व दहा टनांहून अधिक टपाल, इतकें काम झालें.

पुढें १९४६ सालीं या कंपनीचें नांव एअर इंडिया झालें, १९५३ सालीं ती सरकारची झाली, आणि १९७८ पर्यंत टाटाच अध्यक्ष राहिले. एवढा मोठा अधिकारी, पण विमानतळावरील टेबल मळलेलें दिसल्यास स्वतः फडकें घेऊन पुसावयास लागे. आमच्या मतें अबूकीरचा मनुष्य तो हाच.

१९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं लेपर्ड मॉथ या जुन्या विमानांतून कराची ते मुंबई हा पन्नास वर्षांपूर्वींचा प्रवास पुनः एकट्यानें केला. १९९२ सालीं भारतरत्न ही पदवी मिळाली. ता. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनीव्हा येथें त्यांचा अंत झाला, आणि ज्या पॅरिस शहरीं ते जन्मले तेथेंच त्यांस मूठमाती देण्यांत आली.