स्वतःच्याच हृदयात नळी घालणारे डॉ. वर्नर फोर्समान

फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांमधला दाब वाढला, तर दंडाला पट्टा बांधून तो कळत नाही. पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन म्हणतात ते हेच दुखणं. जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, कधी चक्कर येऊन माणूस पडतो. घरच्यांना वाटतं रक्त कमी असेल, नाहीतर दमा. दंडावरचं बीपी मात्र बऱ्याचदा नॉर्मलच! इकोमध्ये संशय आला तरी खात्रीसाठी एक बारीक नळी शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला न्यावी लागते. पेशंटपुढे किती वर्षं आहेत, याच्या अंदाजातला एक मोठा आकडाही तीच नळी देते. माणसाच्या शरीरातली ही वाट एक्स-रेवर नोंदवून दाखवली ती जर्मनीतल्या एका नवशिक्या डॉक्टरनं. तीही स्वतःवरच प्रयोग करून.

वर्नर फोर्समान यांचा जन्म बर्लिनचा, २९ ऑगस्ट १९०४ चा. वडील पहिल्या महायुद्धात गेले. डॉक्टरकी बर्लिनलाच झाली आणि १९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावच्या हॉस्पिटलात ते कामाला लागले. फ्रेंच संशोधकांनी घोड्याच्या मानेतल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेऊन दाब मोजला होता. ते चित्र फोर्समान यांच्या डोक्यात बसलं होतं. घोड्याला चालतं, तर माणसाला का नाही? कोपराच्या खळगीतली शीर हृदयाकडेच जाते. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. त्या काळी हृदयाला बाहेरच्या वस्तूचा स्पर्श म्हणजे मरणच, अशी समजूत होती. वरिष्ठांची भीती अगदीच चुकीची होती असंही नाही.

फोर्समान ऐकणाऱ्यातले नव्हते. हत्यारांच्या कपाटाची चावी गेर्डा डिट्झेन या नर्सबाईंकडे होती. त्यांना विश्वासात घेतलं, तर त्या स्वतःच प्रयोगाला तयार झाल्या. फोर्समान यांनी त्यांना टेबलावर झोपवून हातपाय बांधले, आणि त्यांच्या हातावर तयारी करतोय असं भासवत स्वतःच्या डाव्या कोपराला भूल दिली. मग मूत्रमार्गासाठी वापरायची नळी स्वतःच्याच शिरेत सरकवली. फसवणुकीनं बाई संतापल्या, पण मदतीला आल्या. नळी तशीच हातात ठेवून दोघं जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेली. तिथं आरशात पडदा बघत फोर्समान नळी पुढे सारत राहिले. ६५ सेंटिमीटर आत गेल्यावर टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या अलिंदात दिसलं. लगेच फोटो काढला. वय जेमतेम २५.

त्याच वर्षी लेख छापून आला. कौतुक दूरच, बर्लिनच्या शारिटे या नामांकित हॉस्पिटलातली नोकरी गेली. पुढे आणखी प्रयोग त्यांनी स्वतःवर केले, पण शेवटी हृदयाचा नाद सोडून मूत्ररोगाची वाट धरली.

आणखी एक गोष्ट झाकून चालणार नाही. हिटलर सत्तेवर येण्याच्या आधीच, १९३२ मध्ये, फोर्समान नाझी पक्षात दाखल झाले होते. युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून राहिले, अमेरिकनांचे कैदी झाले. युद्धानंतर काही वर्षं त्यांच्या डॉक्टरकीवर बंदी होती. शोधाचं मोल मोठं, म्हणून हा डाग पुसला जात नाही.

इकडे न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी फोर्समान यांचा तो लेख वाचून १९४० च्या दशकात ही पद्धत रोजच्या वापरात आणली. १९५६ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. त्या वेळी फोर्समान बाट क्रॉइट्सनाख या छोट्या गावात मूत्ररोगाची प्रॅक्टिस करत होते.

नळीमुळेच १९५१ मध्ये डेव्हिड ड्रेसडेल यांना कारण न सापडणाऱ्या फुफ्फुसी दाबाचं दुखणं वेगळं काढता आलं. १९६० च्या दशकात भूक मारणाऱ्या अमिनोरेक्स गोळीनं स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत या दुखण्याची लाटच आणली. त्यानंतर १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जिनिव्हात तज्ज्ञांची बैठक बोलावली. फोर्समान तेव्हा हयात होते. १ जून १९७९ ला ते वारले.

त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेत अशा पेशंटांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. १९९१ मध्ये तिचा निष्कर्ष आला: १९४ पेशंटांपैकी निम्मे निदानानंतर २.८ वर्षांतच गेलेले. खास औषधं तेव्हा नव्हती. कोण आधी जाणार याची खूण तीन आकड्यांत दिसली : उजव्या अलिंदातला दाब, फुफ्फुसी धमनीतला दाब आणि हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते.

यातली मेख अशी की धमनीतला दाब एकट्यानं फसवतो. उजवं हृदय थकलं की ते जोर लावू शकत नाही, आणि दाब उलट उतरतो. घरच्यांना वाटावं सुधारणा झाली! अलिंदातला दाब मात्र हृदय हरतंय हे सांगत चढत जातो. सध्याच्या युरोपीय तक्त्यात तो ८ मिलिमीटरच्या खाली असेल तर बरी खूण, १४ च्या वर गेला तर धोक्याची. सगळ्या खुणा मिळून पेशंट कमी धोक्यात बसला, तर वर्षभरात मृत्यूची शक्यता ५ टक्क्यांहून कमी धरतात. जास्त धोक्यात, तर २० टक्क्यांहून अधिक. म्हणून औषधं सुरू झाल्यावरही दर काही महिन्यांनी हा हिशेब पुन्हा मांडतात. त्यात सहा मिनिटांत पेशंट किती मीटर चालतो ते आणि रक्तातली एक तपासणीही धरतात, दर वेळी नळी घालावी लागत नाही. पहिलं निदान मात्र आजही नळीशिवाय पक्कं होत नाही.